पीसीबी मिलिंग: एका कोपऱ्यात तांबं तसंच, दुसऱ्या कोपऱ्यात ट्रॅक गायब

३०१८ किंवा त्याच जातीच्या छोट्या सीएनसी राउटरवर घरी पीसीबी (सर्किट बोर्ड) काढणाऱ्या, म्हणजे तांब्यात चर कापून ट्रॅक वेगळे करणाऱ्या, बहुतेकांना कधी ना कधी हा त्रास होतोच. डिझाइन बरोबर, जी-कोड (मशीनला दिलेल्या हालचालींच्या सूचना) बरोबर, ऑटो-लेव्हलिंगही, म्हणजे बिट तांब्याला जागोजागी टेकवून उंची मोजणं आणि त्याप्रमाणे खोली सुधारणं, केलेलं. तरी बोर्ड काढून बघावा तर डावीकडचे ट्रॅक एकमेकांना चिकटलेले आणि उजवीकडचे खरवडून गेलेले. माझ्याकडे मशीन उचलून आणणाऱ्यांत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं असतात, हॅम रेडिओवाले असतात, घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे रिटायर्ड काकाही असतात. तक्रार एकच, आणि उपायही ठरलेले चार-पाचच निघतात. म्हणून एकदाचं सविस्तर लिहून ठेवतोय.

तपासण्यांचा क्रम मुद्दाम लावला आहे. आधी फुकटातल्या, मग टेप-कागदाच्या खर्चाच्या, शेवटी पाने-स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला लावणाऱ्या. टेप बदलून भागलं असतं अशा दोषासाठी नवीन स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) मागवलेले लोक मी बघितलेत.

लक्षणं

बिघडलेला बोर्ड लगेच फेकू नका. भिंगाखाली धरा. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करा. दोष बोर्डाच्या कुठल्या भागात आहे, यावरून निम्मं निदान होतं.

- एका कोपऱ्यात तांब्यावर नुसता ओरखडा, समोरच्या कोपऱ्यात खोल रुंद चर, आणि मधे सावकाश बदल: बेड तिरका आहे आणि हाइटमॅप (त्या मोजणीतून, म्हणजे प्रोबिंगमधून, बनलेला उंचीचा नकाशा) लागू झालेला नाही.
- हाइटमॅप लागू आहे, कडेला सगळं ठीक, पण मधोमध किंवा दोन क्लॅम्पच्या मधल्या भागात तांबं कापलं जात नाही: बोर्ड खालून पोकळ आहे, बिटाच्या दाबाने खाली जातोय.
- सुरुवात छान, मग चर उथळ होत होत शेवटी बिट हवेतच फिरतंय: बिट झिजलंय, कोलेटमधे (बिट धरणाऱ्या पकडीत) वर सरकलंय किंवा वर-खाली सरकणारा झेड अ‍ॅक्सिस मोटरच्या स्टेप (पावलं) गमावतोय.
- पहिल्या मिनिटातच चर अचानक बंद: टोक तुटलं.
- चर सगळीकडे सारखे, पण हिशेबापेक्षा रुंद: हा खोलीचा दोष असेलच असं नाही. रनआउट (बिटाचं फिरताना डगमगणं) बघा, टोक बघा.
- आडव्या रेघा स्वच्छ, उभ्या रेघांच्या कडा दुहेरी: एका अ‍ॅक्सिसमधे ढिलेपणा.
- चराच्या कडांना तांब्याची कुसळं: बिट बोथट किंवा स्पिंडलचे फेरे कमी.

थोडा हिशेब

साध्या एक औंसाच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३५ मि.मी. असतो. आपण खोली देतो साधारण ०.०६ ते ०.०८. म्हणजे बोर्ड कुठेही ०.०५ मि.मी.ने खाली गेला की तिथलं तांबं कापायचं राहतं. आणि वर आला तर? व्ही-बिट (खाली निमुळतं होत जाणारं टोकदार बिट) जेवढं खोल जाईल तेवढं रुंद कापतं. चराची रुंदी काढायची रीत सोपी आहे: टोकाची रुंदी, अधिक खोलीच्या दुप्पट गुणिले निम्म्या कोनाचा टॅन. ३० अंशांचं, ०.१ मि.मी. टोकाचं बिट ०.०५ खोलीवर ०.१३ मि.मी. रुंद कापतं, ०.१५ खोलीवर ०.१८. हेच बिट ६० अंशांचं असेल तर ०.१६ वरून थेट ०.२७. म्हणून नवशिक्याने ६० अंशांच्या वाटेला जाऊ नये. पाकिटावरच्या कोनावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही विक्रेते पूर्ण कोन छापतात, काही निम्मा.

कागद सरकवून झेडचं शून्य घेण्याची लाकूडकामातली पद्धत इथे का चालत नाही, तेही यातूनच कळेल. झेरॉक्सचा कागदच ०.१ मि.मी. जाड असतो, आपल्या अख्ख्या खोलीपेक्षा जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या मशीनवर चुका दोन तऱ्हेच्या असतात. काही चुका दर वेळी, त्याच जागी, तेवढ्याच होतात. उदाहरणार्थ, एक्स अ‍ॅक्सिसच्या १० मि.मी.च्या दोन दांड्यांवर किलोभर वजनाचा स्पिंडल मधोमध आणला की दांड्या किंचित वाकतात. गणित केलं तर हे वाकणं ०.०५ मि.मी.पर्यंत जाऊ शकतं. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण तो निरुपद्रवी आहे, कारण प्रोबिंगच्या वेळी दांडी जेवढी वाकते तेवढीच कापतानाही वाकते आणि हाइटमॅप ते धरून घेतो. दुसऱ्या चुका दाब पडल्यावरच होतात. प्रोब तांब्याला जेमतेम टेकतो. फिरणारं बिट मात्र खाली रेटतं, बाजूला ढकलतं. तेव्हा जे हलतं, ते प्रोबला कधी दिसलेलंच नसतं. ऑटो-लेव्हल करूनही बिघडणारे बोर्ड जवळपास सगळे या दुसऱ्या वर्गातले असतात, आणि तिथे प्रोबिंगचे बिंदू वाढवून काडीचा उपयोग होत नाही.

१. बिटाचं टोक बघा

फुकट आणि दोन मिनिटांचं काम. नवीन बिटही पाकिटातून काढल्यावर भिंगाखाली धरा. स्वस्तातल्या दहाच्या पाकिटात एखाद-दुसरं टोक तुटलेलं निघणं अगदी रोजचं.

टोक कधी तुटलं, त्यावर लक्षण ठरतं. ३० अंशांच्या बिटाचं टोक ०.१ वरून ०.३ मि.मी. रुंद होईपर्यंत तुटलं, तर उंची जवळजवळ ०.३७ मि.मी. कमी होते. शून्य घेतल्यानंतर तुटलं असेल तर बिट तांब्याच्या वरून हवेत फिरत राहतं. शून्य घेण्याआधीच तुटकं असेल तर कापतं सगळीकडे, पण ०.३ पेक्षा बारीक चर होतच नाही आणि आयसीच्या पायांमधले ट्रॅक खाऊन टाकतं.

एफआर-४ (काचेचे धागे आणि इपॉक्सीचा नेहमीचा बोर्ड) मधली काच बिटाच्या कार्बाइडलाही झिजवते. बिट अजून चालेल का, अशी शंका आली की बदला. बिट बदललं की ज्या बिंदूवर पहिलं शून्य घेतलं होतं, नेमक्या त्याच एक्स-वाय बिंदूवर झेडचं शून्य पुन्हा घ्या. हाइटमॅप पुन्हा करायची गरज नाही, पण शून्याची जागा बदलली तर सगळा नकाशा तेवढ्याने वर किंवा खाली सरकतो.

२. बोर्डाखाली काय आहे

हॅक्सॉने किंवा शीट कटरने कापलेल्या बोर्डाच्या कडेला खालच्या अंगाला बर (कापताना उरलेली धारदार कंगोऱ्यासारखी कड) राहते. बोटाला जाणवते ना जाणवते एवढी, पण ०.१ मि.मी. उचलायला पुरेशी. चारी कडा कानशीने किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. बेड पुसा. मागच्या कामातला टेपचा तुकडा, फायबरचा कण, काहीही चालत नाही. मग बोर्ड काचेवर उपडा ठेवून चारी कोपरे एकेक करून दाबा. डुगडुगला तर बोर्ड वाकडा आहे. कागदी फिनोलिकचे तपकिरी बोर्ड दमट हवेत जास्त वाकतात, पण बिटाला मऊ असतात, आणि त्यांच्यात काच नसते. सरावासाठी मी तेच वापरायला सांगतो.

टेपवर जरा थांबतो, कारण निम्मी मशीनं इथेच बरी होतात. स्टेशनरीच्या दुकानात डबल टेप मागितली की बऱ्याचदा फोमची मिळते, आरसे-हुक भिंतीला चिकटवायची. ती मिलिंगला साफ कुचकामी. प्रोबच्या वेळी ती फुगलेली असते, बिट टेकलं की दबते, आणि टेबलावर सगळं घट्ट दिसतं. आपल्याला पातळ कागदी किंवा फिल्मची टेप हवी. पट्ट्या शेजारी-शेजारी लावायच्या, एकीवर दुसरी येऊ द्यायची नाही, आणि पट्ट्यांमधे फटही सोडायची नाही. बोर्डाची पूर्ण पाठ टेपवर बसली पाहिजे. नुसते चार कोपरे चिकटवणं म्हणजे मधोमध ट्रॅम्पोलिन तयार करणं.

याहून पक्की पद्धत मास्किंग टेप आणि फेविक्विकची. बेडवर मास्किंग टेप, बोर्डाच्या पाठीवर मास्किंग टेप, दोन्ही टेपांच्या कोरड्या पाठी समोरासमोर येतील असं बघून मधे फेविक्विकच्या रेघा, आणि वर सपाट लाकूड ठेवून मिनिटभर दाब. फोमसारखं दबायला यात काही उरत नाही. काम झालं की रंगारी लांबी भरायला वापरतात ती पत्र्याची पट्टी खालून सरकवा, बोर्ड अलगद सुटतो.

चिकटवल्यावर नखाने टिचक्या मारत पूर्ण बोर्ड फिरून या. बसलेल्या जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी टणक आणि उंच. कान पटकन तयार होतो.

३. बीप चाचणी

मी सगळ्यात जास्त वापरतो ती ही. लागतो फक्त मल्टिमीटर.

स्पिंडलची वायर काढून ठेवा, चुकूनही फिरायला नको. कंट्रोलरकडे जाणाऱ्या प्रोबच्या वायरीही सोडवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक बिटाच्या दांडीला, दुसरं तांब्याला. कंट्रोल सॉफ्टवेअरमधे जॉगचं (बटणाने मशीन थोडं-थोडं सरकवण्याचं) पाऊल ०.०१ मि.मी. करा आणि बीप वाजेपर्यंत बिट उतरवा. बीप वाजली की थांबा.

आता बिटापासून सेंटिमीटरभर अंतरावर बोर्ड बोटाने दाबा, दाराची बेल दाबतो तेवढ्याच जोराने. बीप बंद झाली तर त्या जागी बोर्ड खाली गेला. बोट तसंच दाबून धरून पुन्हा बीप येईपर्यंत ०.०१ची पावलं उतरवा आणि मोजा. तीन पावलं लागली तर तिथे ०.०३ मि.मी.ची पोकळी आहे. बोर्डाच्या मध्यावर, चार कोपऱ्यांवर आणि क्लॅम्पच्या मधल्या जागांवर हेच करा. एक-दोन पावलांपर्यंत मी सोडून देतो. त्याहून जास्त भरलं तर बोर्ड उचलून पुन्हा चिकटवा, पुढच्या तपासण्या करत बसू नका.

दुसरा भाग मशीनसाठी. बीप वाजत असताना बोर्ड सोडा आणि स्पिंडलची बॉडी बोटाने हलकेच वर उचला. बीप लगेच तुटली तर झेड अ‍ॅक्सिसमधे खेळ आहे. स्पिंडल पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे रेटून बघा. खेळ मिळाला तरी लगेच पाना उचलू नका. मधल्या बहुतेक तपासण्या फुकटच्या आहेत, त्या उरकून नवव्या क्रमांकावर या.

४. प्रोब खरं सांगतोय का

एकाच बिंदूवर लागोपाठ पाच वेळा प्रोब करा, जी-३८.२ कमांडने, वेग मिनिटाला २० ते ३० मि.मी. ठेवून. पाचही आकडे ०.०२ मि.मी.च्या आत असायला हवेत. या मशीनवर मिलिमीटरला बहुधा ८०० स्टेप असतात (२०० स्टेपची मोटर, १६ मायक्रोस्टेप, ४ मि.मी. लीडचा स्क्रू), म्हणजे एक स्टेप ०.००१२५ मि.मी. आकडे त्याहून कितीतरी जास्त भटकत असतील तर दोष मोटरचा नाही, संपर्काचा आहे.

काळवंडलेलं तांबं हे पहिलं कारण. ऑक्साइडच्या थरावर बिट टेकतं, पण वीज जात नाही, ते अजून थोडं घुसतं आणि मग संपर्क होतो. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने तांबं चकचकीत करा, आयसोप्रोपिलने पुसा आणि त्यानंतर बोटं लावू नका. क्रोकोडाइल क्लिपचे दात गंजलेले असतील तर क्लिप बदला, दहा-वीस रुपयांचं काम आहे. बिटाच्या टोकापासून क्लिपपर्यंत मल्टिमीटरने ओहम बघा, शून्याच्या जवळ हवेत.

प्रोब सुरू करताच ग्रबलचा (कंट्रोलरमधल्या प्रोग्रामचा) अलार्म ४ आला तर सर्किट आधीच जोडलेलं आहे, बहुतेक वेळा बिट तांब्याला टेकूनच असतं. अलार्म ५ म्हणजे ठरवून दिलेल्या अंतरात संपर्कच झाला नाही. ५ आल्यावर अंतर वाढवून पुन्हा दाबायचा मोह होतो. आधी क्लिप हातानेच तांब्याला टेकवून सिग्नल मिळतोय का बघा, नाहीतर बिट बोर्डात घुसून टोक जाईल.

प्रोबिंग संपल्यावर, स्पिंडल चालू करण्याआधी, बिटाची क्लिप काढा. हे वाक्य कागदावर लिहून मशीनला चिकटवा. फिरत्या स्पिंडलला गुंडाळलेली वायर क्षणात कंट्रोलरचा कनेक्टर उपटून काढते.

५. हाइटमॅप लागू आहे का

हास्यास्पद वाटेल, पण बोर्ड एकसारखा तिरका कापला जात असेल तर बहुतेकदा हेच निघतं. प्रोबिंग पूर्ण होतं, रंगीत नकाशा दिसतो, आणि जी-कोड मूळचाच चालतो. कँडल या कंट्रोल सॉफ्टवेअरमधे हाइटमॅप वापरण्याचा वेगळा टिकबॉक्स आहे, तो चालू हवा. यूजीएस या सॉफ्टवेअरमधेही नकाशा घेणं आणि तो जी-कोडला लावणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. खात्री करायची तर काम चालू असताना झेडच्या आकड्याकडे बघा. ट्रॅकभोवतीचे चर (आयसोलेशन) कापतानाही तो दशांशात सारखा थोडा-थोडा हलत असला पाहिजे. ठोकळ्यासारखा एकाच आकड्यावर बसला असेल तर नकाशा लागलेला नाही.

बिंदूंमधलं अंतर १० मि.मी. पुरतं. १०० गुणिले ७० मि.मी.च्या बोर्डावर ११ गुणिले ८ म्हणजे ८८ बिंदू होतात. ५ मि.मी. करून वेळ चौपट करण्यात अर्थ नाही. नकाशातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल बिंदू यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर मी नकाशावर भागवत नाही, बेडकडे वळतो.

६. फेरे आणि वेग

स्पिंडल सावकाश फिरत असेल तर बिट कापण्याऐवजी तांब्याला रेटतं. कडांना कुसळं येतात, बोर्डावरचा दाब वाढतो आणि आपण वर बघितलेला पोकळपणा उघडा पडतो. ग्रबलमधे $३० हे सेटिंग स्पिंडलचे कमाल फेरे ठरवतं. ते १०००० असेल आणि तुमच्या जी-कोडमधे एस १००० लिहिलेलं असेल, तर स्पिंडलला दहा टक्केच जोर मिळणार. दोन्ही आकडे ताडून बघा. ७७५ मोटरच्या स्पिंडलला पूर्ण फेरे द्या, पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला १०० ते १५० मि.मी. ठेवा, आणि बिट खाली उतरण्याचा वेग त्याच्या निम्म्याहून कमी. बऱ्याच जणांचं टोक कापताना नव्हे, उतरतानाच तुटतं.

प्रोबिंग झाल्यावर तांब्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवला तर चर स्वच्छ येतो आणि धूळ उडत नाही. तेल बोर्डाच्या कडेवरून ओघळून टेपखाली जाऊ देऊ नका, चिकटपणा सुटतो.

७. बेड मशीनकडूनच सपाट करून घ्या

बोर्ड पक्का, प्रोब पक्का, तरी नकाशात मोठा चढउतार असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या बेडवर ६ किंवा ९ मि.मी.चा एमडीएफ स्क्रूने बसवा. स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या चांगली खाली हवीत. ३.१७५ मि.मी.च्या सपाट एंड मिलने ०.२ मि.मी. खोलीचा हात, पट्ट्या निम्म्या एकमेकींवर येतील असा, पूर्ण बेडभर फिरवा. आता बेड जगाच्या हिशेबाने सपाट असेल-नसेल, तुमच्या मशीनच्या चालीला नक्की समांतर झाला. मघाशी सांगितलेलं दांड्यांचं वाकणंही त्यात जिरलं.

कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. एमडीएफ पावसाळ्यात फुगतो, आणि कडेने जास्त फुगतो. कापलेल्या कडांना लाखेचं पॉलिश किंवा लाकडाचा सीलर लावून ठेवा. मे महिन्यात सपाट केलेला बेड जुलैत परत एकदा हलकासा घासून घ्यावा लागतो, यात मशीनचा काही दोष नाही.

८. रनआउट

इथून पुढे हात काळे होणार. स्पिंडलची वीज काढा.

रनआउटने खोली फारशी बदलत नाही, रुंदी वाढते. म्हणून चर सगळीकडे सारखेच रुंद असतील तरच ही तपासणी करा. ईआर-११ कोलेट आणि त्याचा नट काढून ब्रशने साफ करा. कोलेटच्या फटीत अडकलेला एक कणही बिट तिरकं धरतो. परत बसवताना कोलेट आधी नटमधे टक् असा आवाज येईपर्यंत तिरका दाबून बसवायचा, मग नट स्पिंडलवर. कोलेट आधी स्पिंडलमधे टाकून वरून नट आवळला तर पकड वेडीवाकडी बसते. नंतर सोडवताना कोलेट आतच अडकतो तो वेगळाच ताप.

डायल गेज मिळाला तर बिटाच्या गुळगुळीत दांडीला टेकवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. काटा ०.०३ मि.मी.च्या आत हलला तर या किमतीच्या मशीनवर समाधान माना. जास्त असेल तर बिट कोलेटमधे पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. कोलेटची आणि बिटाची चूक एकमेकांना छेदते अशी एखादी जागा बऱ्याचदा सापडते. तरी सुधारत नसेल तर मोटरच्या ५ मि.मी. शाफ्टवर बसवलेलं ईआर-११चं अ‍ॅडॉप्टर बघा. ते दोन ग्रब (बिनडोक्याच्या छोट्या) स्क्रूंवर धरलेलं असतं, आणि एकच स्क्रू करकचून आवळला की एका बाजूला ओढलं जातं. दोन्ही ढिले करून थोडे-थोडे आळीपाळीने आवळा.

९. झेड अ‍ॅक्सिसचा खेळ आणि हरवलेल्या स्टेप

बीप चाचणीच्या दुसऱ्या भागात झेड हलला असेल तर क्रम असा. आधी मोटर आणि लीड स्क्रूमधल्या कपलरचे ग्रब स्क्रू. शाफ्टवर मार्करने रेघ मारा, एक काम चालवा, रेघ सरकली का बघा. मग स्प्रिंगचा अँटी-बॅकलॅश (लीड स्क्रूवरचा ढिलेपणा काढणारा) नट. स्प्रिंग मेलेली किंवा बसवायची राहिलेली असू शकते. मग स्पिंडल धरणाऱ्या ब्लॉकचे स्क्रू. प्लास्टिकच्या ब्लॉकमधे ते जपून आवळा, आटे गेले तर ब्लॉकच बदलावा लागेल.

स्टेप हरवतात का, हे बघायला बिट बीपच्या बिंदूवर आणून शून्य करा, मग १० मि.मी. वर आणि परत ०.५ मि.मी.पर्यंत खाली अशा वीस फेऱ्या मारा. शेवटी हळूहळू बीपपर्यंत उतरवा. बीप शून्यावरच आली तर मोटर निर्दोष. खालीवर आली तर $११२ म्हणजे झेडचा कमाल वेग आणि $१२२ म्हणजे त्याचं त्वरण, दोन्ही निम्मे करा, लीड स्क्रूला तेल द्या आणि चाचणी पुन्हा करा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. मोटरची वायर मशीन चालू असताना कधीही काढू-लावू नका, ड्रायव्हर चिप तिथल्या तिथे जळते.

धुळीबद्दल

एफआर-४ची पांढरी धूळ म्हणजे काच आणि इपॉक्सी. एन-९५ मास्क आणि चष्मा लावून काम करा, आणि खोलीत लहान मुलं असतील तर काम नंतर करा. फुंकर मारून धूळ उडवू नका. साध्या व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत सोडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं घडी करून कचऱ्यात टाका, पंखा बंद ठेवा.

इथे थांबा

मशीनच्या अ‍ॅल्युमिनियमला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या चाळींत, वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगची वायर मागे कुठेच जोडलेली नसते. २४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर गरम होत असेल, वास येत असेल, गुणगुणत असेल तर तो उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे चार्ज राहतो. सरळ नवा घ्या.

कोलेट साफ, अ‍ॅडॉप्टर नीट, तरीही डायलवर ०.०५च्या वर काटा जात असेल तर मोटरचा शाफ्ट वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय. हातोडीने शाफ्ट सरळ करायचे व्हिडिओ बघू नका. ओळखीच्या लेथवाल्याकडे मोटर घेऊन जा, तो व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन मिनिटांत सांगेल. बऱ्याचदा नवी मोटर त्याच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडते, तेही तो प्रामाणिकपणे सांगतो. ड्रायव्हरवरचा छोटा पोटेन्शिओमीटर फिरवून करंट वाढवायचा असेल आणि व्हीरेफ (करंट ठरवणारा व्होल्टेज) कसं मोजतात हे आधी कुणी हाताने दाखवलेलं नसेल, तर तो फिरवू नका. कंट्रोलर जळतो तो इथेच.

आणि कधीकधी मशीन ठीकच असतं, बोर्ड त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. ट्रॅकमधलं अंतर ०.२ मि.मी.पेक्षा कमी, आयसीचा पिच (शेजारच्या दोन पायांमधलं अंतर) ०.५ मि.मी. किंवा त्याहून बारीक, दोन्ही बाजूंना जोडणारे प्लेटेड होल हवेत, किंवा बोर्ड २३० व्होल्टला जोडून दुसऱ्या कुणाच्या घरात कायमचा बसणार आहे, यातलं एकही लागू होत असेल तर गर्बर फाइल (कारखान्याला लागणारी डिझाइनची फाइल) बनवा आणि पीसीबी बनवणाऱ्याकडे पाठवा. सोल्डर मास्कसकट पाच बोर्ड येतात, आणि तोवर त्याच सर्किटचा मोठ्या पायांच्या आयसी वापरून केलेला चाचणीचा बोर्ड तुम्ही घरच्या मशीनवर काढून तपासूनही झालेला असतो.